सुहैल उगवेपर्यंत

हैमाच्या वर्कशॉपात दोनदा गॅस भरून झाला.
दोनदा त्या माणसाने हात पुसत सांगितलं,
आता आत बर्फ पडेल.
बर्फ राहू दे.
गाडी पळते तोवर बरी असते,
थांबली की जाळीतून येतो
रवंथ करणाऱ्या उंटाचा उच्छ्वास.

जुलै. कडाच नसलेलं खडीचं माळरान.
बोनेट उचलायला मी ओढणी हाताला गुंडाळते.
बाबा शेजारच्या सीटवरून उतरत नाहीत.
"दम लागलाय तिला," म्हणतात.
स्वतःचा धरत नाहीत हिशोबात.

बरं. एकेक बघू.
बटण दाबलं, कंप्रेसरच्या क्लचने टक् केलं,
म्हणजे जीव आहे.
पट्टा ताठ.
जाड नळीला हात लावला तर
पहाटेच्या पखालीसारखी ओली, गार.
म्हणजे गॅसही आहे,
असलाच तर जास्त आहे,
हैमावाल्याच्या उदार हाताचा.
बाहेरची हवा घेणारी झडप?
उघडी.
मी बंद करते, बाबा उघडतात.
कळप कुठल्या अंगाला गेलाय ते
नाकाला कळायला हवं म्हणे.
काच असो, थंडी असो,
आधी शेळ्या.

झडप लावली. फरक पडला,
पण तेवढ्याने भागणारा नव्हता.

मग मी टाकीची तोटी उघडली,
बादली भरली,
आणि शेळ्यांच्या वाटणीचं पाणी
पुढच्या जाळीवर ओतलं.
वाफ उठली. बाबा ओरडले:
"मुसल्लमची पोर लोखंडाला पाणी पाजते!
उद्या दगडाला पाजशील!"
आणि अर्ध्या वाक्यात थांबले.
गार हवा आली होती.
दाढीचे पांढरे केस हलत होते.
त्यांनी डोळे मिटले,
मी मनात आकडे मोजले,
नव्वदपर्यंत.
मग परत उंट.

म्हणजे थंडी होत होती,
उष्णता बाहेर पडत नव्हती.
समोरून जाळी धुतलेली, लग्नाला निघाल्यासारखी.
टॉर्च घेऊन मागे वाकले,
दोन जाळ्यांच्या मधल्या बोटभर फटीत,
तर तिथे एक अख्खा उन्हाळा दडून बसलेला:
टोळांचे पंख, समरचे काटे,
शेळीच्या केसांचं जाड नमद्यासारखं थर,
आणि चिप्सच्या पिशवीचा लाल तुकडा,
जो माझ्या भाच्याने, बखीतच्या सुहैलने,
खिडकीतून टाकला नव्हता,
आईची शपथ.

आतून बाहेर धुवायचं.
बाहेरून मारलं की सगळं आणखी आत रुतून बसतं.
धार मंद ठेवायची, पत्रे नाजूक असतात.
तासभर चिखल गळला.
जमिनीने तो लगेच पिऊन टाकला.

तरी एक उरलंच.
इंजिन बंद करून पंखा बोटाने ढकलला.
तापलेल्या गाडीत तो जड फिरायला हवा,
हा आपला गरगर फिरत राहिला,
लग्नघरातल्या बिनकामाच्या पाहुण्यासारखा.
त्याची पकड गेलीय.
नवा भाग निझवाहून गुरुवारी येणार,
बखीत आणेल, विसरला नाही तर.
तोवर थांबायचं नाही,
आणि दुपारी निघायचं नाही.

"आम्ही दुपारी निघतच नव्हतो," बाबा म्हणाले.
"झाडाखाली झोपायचो."
"आणि सावली बिघडली की?
ती कशी दुरुस्त करायचात?"
त्यांनी जरा विचार केला.
"तिच्यामागे सरकायचो."

सूर्य गेल्यावर निघालो.
दक्षिणेला, जिथे सुहैल उगवला की
रात्री गार पडतात म्हणतात,
तिथे अजून काहीच नव्हतं.
एक महिना, बाबांच्या बोटांवर.
हवा बऱ्यापैकी गार येत होती.
मी तसं बोलून दाखवलं नाही, दृष्ट लागते.

चाळीसेक किलोमीटरवर
डाव्या कानाला बारीक खट् ऐकू आलं.
झडप.
मी समोरच बघत राहिले.
केबिनमध्ये धूळ आली,
मग तापलेली खडी,
मग, अगदी पुसट,
शेळ्या.