रात्रीचं रक्त

हत्तीपायाचा जंतू दिवसा खोल दडतो,
रात्री दहानंतर अंगभर फिरायला निघतो.
हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी अकरा वर्षांचा,
हातात तिचा कंदील, पायात काही नाही.

डॉक्टर कौतिका निनावे.
बाप कोष्टी, खड्डामागात पाय सोडून
जन्मभर दुसऱ्यांच्या लुगड्यांच्या किनारी विणणारा.
ही नागपूरला मेडिकलच्या पोरांना शिकवायची.
पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून कुणी म्यांव केलं,
तर खडू न थांबवता म्हणाली,
मांजरालाही जंत होतात, लिहून घ्या.

सुट्टी लागली की आमच्या मोहखेडीत.
झोपेतल्या माणसाचं बोट धरायची,
सुई, थेंब, काच.
सदाराम मेहर खाटेवरून ओरडला,
"काहून वो बाई, रातीच्याले रगत पितेस का?"
"पीत नाही बापू, वाचते."

माझ्या मायचा डावा पाय कायम लुगड्याखाली.
लग्नाकार्यात ती पंगतीला बसत नसे,
चुलीमागं जेवायची, अंधारात.
बाईनं घमेलं मागितलं, कोमट पाणी, साबण,
आणि घडी घडी उलगडून पाय धुतला,
रोवणीआधी पऱ्ह्यांची जुडी
बांधीच्या पाण्यात खळखळावी तसा.
"रोज असाच धुवायचा. सूज जाणार नाही.
पण ताप येणार नाही."
त्या दिवशी मायनं पाय उन्हात ठेवला.
ओसरीवर.
येणारे-जाणारे बघत होते.

खोटं बोलता येत नव्हतं,
आणि उभी राहिली निवडणुकीला.
चिन्ह मागितलं कंदील, मिळाली शिडी.
गाव म्हणे सभामंडप द्या, ती म्हणे नाली.
पडली. दोनशे अकरा मतांनी.
पुढच्या खेपेला पुन्हा नालीच बोलली,
कशी निवडून आली ते मला अजून कळलेलं नाही.
जिल्हा परिषदेत तिला गटारबाई म्हणत.
उताराला दोरी ती स्वतः लावायची.
एक ठेकेदार रात्री पाकीट घेऊन दारात आला,
तिनं आधी त्याच्या बोटाचं रक्त घेतलं.
साडेदहा वाजले होते. वेळ बरोबर होती.

तिला जाऊन नऊ वर्षं झाली.
तालुक्याच्या चौकात पुतळा बसवलाय,
चष्मा तिचा नाही, नाकही नाही.
भोवती गोल हौद, मधे कारंजं,
उद्घाटनापुरतं उडालेलं.
परवा वाकून पाहिलं,
साचलेल्या पाण्यात, तिच्या पायाशी अळ्या,
वळवळणारे स्वल्पविराम.

नगरपंचायतीत अर्ज दिला. पोच मिळाली.

काल रात्री डब्यात गप्पी मासे घेऊन गेलो,
गुडघे कुरकुरत होते, नातवाच्या हाती टॉर्च.
त्यानं विचारलं, "आबा, रातीच काहून?"
म्हटलं,
उजेड हलवू नको.