हातचा एक

नोव्हेंबर. बाल्टिकवर चारलाच अंधार.
शाळेच्या एकुलत्या वर्गात, पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर
गुडघे छातीशी घेऊन बसलेत
ग्रोस्केर बेटाचे सात सभासद.
मी गुन्नेवी, चिटणीस. आकडे मोठ्यानं वाचते.

माणसं सत्त्याऐंशी.
गेल्या साली नव्वद होती; तीन कुठे गेली
ते खिडकीतून दिसतं, चर्चच्या मागे.

बर्फ काढायचा ट्रॅक्टर: मंजूर.
आठवड्यातून दोनदा नर्स: मंजूर, पण एकदाच.
शाळा: एक मूल, एक बाई, एक शेगडी.

कोणी बोलत नाही.
इंग्मारचीच नात ती; तो नखं बघत बसतो.
फळ्यावर तिची बेरीज अर्धीच राहिलेली,
वर कोपऱ्यात हातचा एक.

शाळा ठेवली तर धक्क्याला फळ्या नाहीत.
फळ्या नाहीत तर बोट लागायची नाही,
आणि बोट नाही तर बाई यायची कशी?
तासभर हेच, गोल गोल.

मग बिर्गर उठतो, कमरेत अडकलेल्या खुर्चीसकट.
माझ्या माळ्यावर आहेत म्हणतो, लार्चच्या,
सहा वर्षं सुकवलेल्या.
कशासाठी ठेवल्यात ते सगळ्यांना ठाऊक.
मापसुद्धा ठाऊक.
"यंदा काही लागत नाहीत मला.
डॉक्टरला विचारलंय. म्हणजे, विचारीन."

हशा. कॉफी.
मी रकाना शोधत राहते:
जमा म्हणू, की उसनवार?
आणि परतफेडीची तारीख
कोणती घालू?
तेवढी जागा कोरी सोडते,
सातही सह्या घेते.