रोवण्याचा अहवाल

नागपूरच्या कचेरीतून दरवर्षी एक फॉर्म येतो.
पहिला रकाना: यंदा किती गावांत मंडळी रोवली.
दुसरा: बाप्तिस्मे किती.
पास्टर तो माझ्याकडे सरकवतात,
त्यांचं अक्षर म्हणजे शेणातून चालत गेलेली कोंबडी.

तर लिहिते.
कोसमटोला. मंडळी एक.
छप्पर लखाराम शेंड्यांच्या बंद पडलेल्या धानगिरणीचं.
कोंडा अजून वाशांतून झरतो,
प्रार्थनेला डोळे मिटले की पापण्यांवर बसतो.
रात्री तिथंच अकरा लेकरं निजतात.
रविवारी वाकळी गुंडाळून रचायच्या
आणि त्या ढिगावर पवित्र शास्त्र ठेवायचं,
दुसरं उंच असं काही नाही.
एखादी वाकळ ओली निघते.
त्या रविवारी शास्त्र पास्टरांच्या मांडीवर.

घंटा म्हणजे ट्रॅक्टरच्या नांगराची गंजकी तबकडी.
जेवणाला तीच, उपासनेला तीच.
देवकू विचारत बसत नाही कुठली वाजली,
ताट घेऊनच येतो.

बाप्तिस्मे: रकाना कोरा.
भर ग्रामसभेत सरपंच म्हणाले होते,
"पोट्टे बाटवता का जी?"
पास्टर म्हणाले, आधी उवा तर निघू द्या.
सगळे हसले.
मला हसू आलं नाही, मी मनात रॉकेल मोजत होते.

इसरूच्या मनगटाला काळा दोरा आहे, तिच्या मायनं बांधलेला.
मी त्याच्या भोवतीभोवतीनं साबण लावते.
हात भरत चाललाय, दोरा रुतायला लागलाय.
कापावा, असं मंडळीतल्या वडिलांचं मत.
मी गाठ तशीच ठेवून
मध्ये नवा दोरा जोडला, दोन बोटं.

आखाडी सरली तेव्हाची गोष्ट. सगळीकडे रोवणा.
पास्टर उपदेशाला उभे राहिले:
लेकरांनो, पऱ्हे एका वाफ्यात दाटीनं वाढतात,
तिथून उपटून चिखलात रोवल्याशिवाय
लोंबी धरत नाहीत.
देवाचंही तसंच असतं.

मागून सुकवारा उठली. नऊ वर्षांची,
आली तेव्हा चार महिने बोलली नव्हती.

"मंग आमाले उपटलन कोनं?"

कोंडा पडत राहिला.
पास्टरांनी तोंड उघडलं. मिटलं.
बायबल शाळेत याचं उत्तर शिकवत असतील,
तीन मुद्दे, प्रत्येकाला वचन.
त्यांनी ते काढलं नाही.
"माहीत नाही, बाई," म्हणाले,
आणि आशीर्वाद द्यायचाच राहिला.
लग्नाला एकोणीस वर्षं झालीत.
त्या दिवशी माणूस जरा नव्यानं दिसला.

दुपारी झेलाबाईच्या बांधीत गेलो सगळे.
पास्टर शहरात वाढलेले,
त्यांच्या ओळीतली रोपं आडवी पडायची.
सुकवारा मागून वाकत गेली,
एकेक रोप काढून परत लावत.
"मुळं मुडपू नोका जी," म्हणाली,
"मुडपलं तं धरत नाई."
ते गुडघाभर चिखलात उभे,
हो म्हणाले, हो.
देवकूनं बेडूक धरला.
झेलाबाईनं बांधावर सगळ्यांना घाट्या वाढल्या,
सरपंचांची सून होती मजुरीला, तिलाही.

शेवटचा रकाना: विशेष घडामोडी.
पहिले सहा-सात दिवस पऱ्हे पिवळे पडतात,
नवख्या माणसाला वाटतं, मेले.
सुकवारा रोज सकाळी बांधावर जाऊन बघून येई,
काही सांगत नसे.
नवव्या दिवशी धावत आली,
दारातच थांबली, पाय धुतले,
मग म्हणाली, "भूक लागली."

सोबत पावत्या जोडल्या आहेत:
तांदूळ. साबण, बारा वड्या. उवांचं औषध.
वाकळींसाठी जुनी लुगडी, किलोवर.
काळा दोरा, एक रीळ.
कचेरीनं विचारलं, तर विचारू दे.