पाऊण किलोमीटर

शाळेवर टिंब ठेवलं,
संगणकाने पाऊण किलोमीटरचं वर्तुळ काढून दिलं.
आत आली चौदाशे बारा घरं,
सगळी हिरवी.
साहेब म्हणाले, "झालं की. पुराच्या वेळी एवढे लोक सोय असलेले.
आता पिवळ्या नदीचं घ्या."

मी दुपारी त्या हिरव्यात उतरले
मोजणीचं चाक ढकलत.
चपलेचा अंगठा नंदनवनाच्या चौकातच तुटला होता.

गेडामबाई दारात संत्र्याच्या पेट्यांना खिळे ठोकत होत्या.
"शाळा? थे काय, नाल्याच्या पल्याड.
दिसते नं?
दिसते म्हून का पोचता येते, बाप्पा!"

खालचा पूल सगळ्यात आधी बुडतो.
मग उरतो रुळांकडचा रस्ता,
आरा मशीनच्या लांबच लांब भिंतीला वळसा,
मग डुकरांचा उकिरडा, मग डांबरी सडक.
चाक टकटक मोजत राहिलं.
दोन किलोमीटर तीनशे मीटर.
तेही कोरड्या पायांनी, दिवसाउजेडी,
खांद्यावर म्हातारी सासू नसताना.

शाळेला सात पायऱ्या.
मुरलीधर नंदनवारची तीनचाकी पहिल्या पायरीशी थांबते;
तो हसून म्हणाला, "मी पुरात इथवर येईन, ताई.
पुढचं तुमी पाहा."

फाटकाला कुलूप.
चावी सोनकुसरेकडे.
सोनकुसरे वाडीला राहतात,
गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि रात्री फोन बंद ठेवतात,
बायकोला झोप लागत नाही म्हणून.

रात्री मी वर्तुळ पुसलं.
पायांनी जितकं जाता येतं तितकंच रंगवलं.
उरला एक वेडावाकडा तुकडा,
माझ्या चपलेसारखा, एका बाजूने झिजलेला.
आत घरं तीनशे ऐंशी.

"नकाशा वाकडा दिसतोय," साहेब म्हणाले.
मी म्हटलं, "अंगणच वाकडं आहे, सर."
त्यांना हसू आलं. फाईल मात्र
डावीकडच्या ढिगात गेली.

गेडामबाईंना छापील प्रत दाखवली.
चष्मा नाकावर सरकवून त्या बघत राहिल्या.
"माह्यं घर कोनतं?"
मी बोट ठेवलं.
"लाल हाय."
"हो."
"मंग? लाल बरं का हिरवं?"
मला सांगता येईना.
त्यांनी हातोडी उचलली, पेटीची फळी नीट केली.
"हिरवं होतं तवा कोनी पाहाले आलं नोतं.
राहू दे लालच."

सोनकुसरेंनी शेवटी एक चावी दिली,
रजिस्टरात न चढवता.
ती आता गेडामबाईंच्या चुलीमागच्या खिळ्याला आहे,
मीठाच्या पिशवीशेजारी.
नकाशात त्या खिळ्यासाठी चिन्ह नव्हतं.
पायऱ्यांसाठीही नव्हतं.