दुसरं अपील

साहेब आता उदगीरला असतात,
बसस्टँडमागच्या गल्लीत,
वडिलांनी बेलिफाच्या पगारात बांधलेल्या घरात.
पाटीवर नुसतं : म. अ. हुडगे.
आधीचं 'न्यायमूर्ती' सुताराकडून तासून घेतलं,
पण ऊन तिरपं आलं की अक्षरांचे खड्डे दिसतात.

"बसा, देवणीकरबाई. वही आणलीत?"

औरंगाबादला खंडपीठात अकरा वर्षं
त्यांचं इंग्रजी मी शॉर्टहँडमध्ये उतरवलं.
स्वल्पविरामसुद्धा सांगायचे.
चोपदार पुढे, मागून साहेब, सगळं कोर्ट उभं,
आणि खुर्चीत टेकताच
डाव्या पायातला बूट हळूच सैल करायचे.
हे टेबलाच्या माझ्या बाजूनंच दिसायचं.

"सहाशे निकाल छापून आलेत माझे," म्हणाले,
"एकच नीट लिहायचा राहिलाय."

मालनबी, राहणार हाळी-हंडरगुळी.
विहिरीकडे जाणारी पायवाट, रुंदी चार हात.
खाली हरली, लातूरला हरली,
तेरा वर्षं आमच्याकडे पडून राहिली आणि हरली.
एकोणचाळीस पानं मीच टाइप केली होती.
निकाल वाचून झाला, वकील फाइलची नाडी बांधत होता,
तेव्हा शेवटच्या बाकावरून ती उठली :
"काय म्हणलालेत ओ साहेब? वाट हाय का न्हाई?"
पट्टेवाल्यानं तिला खांदा धरून बसवलं.
साहेब म्हणाले, पुढचं प्रकरण.
मी पेन्सिलीला टोक केलं.

"निकाल चुकला होता का?" मी आज विचारलं.
"नाही. आजही तोच देईन."
मग बराच वेळ कूलरच बोलत राहिला.

"अण्णा तिसरी शिकलेले.
सायकलवर समन्स घेऊन जायचे.
कानडी घरात कानडीत वाचायचे, मुसलमानाच्या दारात दखनीत,
आणि कागद हातात द्यायच्या आधी पाणी मागायचे.
तांब्या आणायला माणूस आत जातो ना,
तेवढ्यात सावरतो, म्हणायचे.
मी एवढा शिकलो,
अन् 'कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उद्भवत नाही'
हे हंडरगुळीच्या बाईला कसं सांगायचं,
तुम्हीच सांगा."

मला काय येणार?
आम्ही सकाळपासून खोडतोय.
'अपील फेटाळण्यात येते' खोडलं.
'तुमचा हक्क सिद्ध झाला नाही' खोडलं,
तो तर तिच्या पायांनी रोज सिद्ध केला होता.
'माफ करा' लिहिलं होतं, तेही खोडलं.
"ते माझ्यासाठी झालं," म्हणाले, "तिच्यासाठी नाही."

ग्रामपंचायतीत फोन लावून झालाय.
मालनबी दोन निघाल्या. त्यातली एक गेली.
कोणती, ते त्या पोराला सांगता येईना.

शेवटी उरलं ते एवढं :
वाट न्हाई, मालनबी.
"स्वल्पविराम?" सवयीनं विचारलं.
"नावाच्या आधी," म्हणाले.
"तिथं थांबता आलं पाहिजे."

हंडरगुळीची बस तीनला आहे.
साहेब पलंगाखाली वाकून बूट शोधत होते,
एक सापडला, डावा.
तो त्यांनी परत आत सारला
आणि सपाता झटकून पायात घातल्या.
मी कागदाची घडी केली.
"राहू द्या," म्हणाले, "पाठ आहे."