सोळा बोल्ट

जुळे सोलापुरातला फ्लॅट तयार होता, अगदी तयार.
भिंतींना सायीचा रंग,
ओट्याखाली आवाज न करता मिटणारे खण.
एजंटाने एकेक बटण दाबून दाखवलं,
पंखा फिरला, गीझरचा लाल दिवा लागला.
"फक्त चादर घेऊन या," तो म्हणाला.
सोलापूरकराला चादर आणायला सांगतोस का बे,
असं गोवर्धन एरवी म्हणाला असता.
तिथे तो कुजबुजला, "पाणी?"
"टँकर आहे ना साहेब, मेंटेनन्समध्येच."
आम्ही दोघं चपला हातात घेऊन फिरलो,
आतल्या खोलीत कुणी आजारी झोपलेलं असावं तसे.

दुसरं भद्रावती पेठेतलं.
घर म्हणायचं ते सवयीनं. होता तो मागाचा कारखाना,
पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड.
चारही माग भंगारात गेलेले, किलोवर.
जमिनीतून सोळा बोल्ट तेवढे वर आलेले,
आणि वर कैच्यांवर राखाडी सुताची लव,
फुंकर मारली तर अजून उडते.
भिंतीचे तडे सगळे एकाच उंचीवर,
धोटा जिथे तीस वर्षं आपटला, तिथे.
मी वहीत लिहीत गेले:
पत्रा. मोरी. वायरिंग. तडे. परत पत्रा.
बेरीज एवढी आली की पेनाला टोपण लावून
मी ते पर्समध्ये ठेवून दिलं.

तेवढ्यात गोवर्धन शेडच्या मधोमध उभा राहून ओरडला,
"उजेड बघ! किती येतोय!"
"अरे हळू," मी म्हणाले, "माग बंद आहेत."
तो गप्प झाला. स्वतःच्या कानाला हात लावला.
त्याच्या घरी सगळे असंच बोलतात.
लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं, रोज भांडण आहे.
मग कळलं, हे प्रेमानं भाजी वाढणं आहे,
चार मागांच्या वरच्या पट्टीत.

परत येताना स्कूटरवर तो म्हणाला, "फ्लॅटच घेऊ.
नान्नांनी मला यासाठी शिकवलं नाही.
त्या खडखडाटात अभ्यास केला, त्यातच ताप काढले,
आता कर्ज काढून परत शेडमध्येच जाऊ?"
अशोक चौकाचा सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला.
मी काही बोलले नाही. खरं तर मलाही ते खण आवडले होते,
आपोआप मिटणारे. अजून आवडतात.

पण पाचव्या दिवशी पहाटे तीनला नळ आला,
आणि भाड्याच्या खोलीत आम्ही घागर, बादल्या, पातेली,
शेवटी इडलीचं भांडंसुद्धा भरत होतो,
तेव्हा अर्धा हंडा धरून तो एकदम म्हणाला,
"त्या शेडमध्ये हौद होता ना गं, फरशीखाली?"

दुसऱ्या दिवशी दोरीला दगड बांधून मोजला.
दोरी माझ्या ओढणीएवढी खाली गेली,
आणि वर हातभर.
दगड तळाला टेकल्याचा आवाज आला, गार, गोल.
गोवर्धन वाकून आत बघत अगदी हळू म्हणाला,
"रेवती."
हौदाने ते मोठं करून परत दिलं.

कर्ज मिळालं, हवं त्याहून कमी.
शेड अजून अर्धीच झालीय.
एप्रिलात पत्र्याखाली डोक्यावर तवा ठेवल्यासारखं होतं,
मी लॅबमधून मुद्दाम उशिरा निघते, एसीसाठी, कबूल.
गवंड्याने बोल्ट कापले. पंधरा.
सोळाव्याला नान्ना येऊन म्हणाले, राहू दे,
आणि का, ते सांगितलं नाही.
आतापर्यंत मला तिथे तीनदा ठेच लागली.
तिन्ही वेळा मी ओरडले,
मागच्या गल्लीत अजून चालू असलेल्या
मागाच्याही वर.