चुन्याशिवाय

वेदीखालची फरशी हलत होती म्हणून मला बोलावलं.
गावात घरं चौदा, त्यातली नऊ कुलुपात,
पण देवळातली फरशी हलली की
मिद्यातचे बिशपसुद्धा हलतात.
मी बर्सौमो, गवंड्याचा गवंडी.
तूर आब्दीनमधल्या अर्ध्या घंटाघरांना
माझा नाहीतर माझ्या बापाचा हात लागलाय.

पहार घातली. फरशी उचलली. खाली आणखी एक छत.
गाढवाएवढे दगड, दातात दात घालून बसलेले,
मध्ये चुना नाही, माती नाही,
सिगारेटचा कागद जाणार नाही अशी सांध.
चाळीस वर्षं मी माझ्या चुका चुन्यानं लिंपत आलो.
ह्यांच्याकडे चुनाच नव्हता.

नहरीनला फोटो पाठवले. ती स्वीडनला,
जुन्या धर्मांवर काहीतरी लिहितेय, संपता संपत नाही.
फोनवर किंचाळलीच पोर.
“बाबा, सूर्याचं देऊळ असेल! आपल्या आधीचं!
उताराच्या बाजूला, पूर्वेला, झरोका आहे का बघा.”
होता.
मग ती सुटलीच.
जन्माचा सण आपण कुणाच्या सणावर मांडला असेल,
उगवतीकडे तोंड करून उभं राहायला कुणी शिकवलं,
संतांच्या डोक्यामागची पिवळी ताटली मुळात कुणाची,
नोहाच्या आधी त्या नावेत कोण बसलं होतं.
“असं काही जण म्हणतात हं,” मधूनमधून म्हणायची,
मला बरं वाटावं म्हणून.
तिच्या खिडकीत बर्फ पडत होता.
मी विचारलं, उपास धरतेस ना अजून?
गप्प झाली.
“धरते. का ते विचारू नका.”

रात्री झोप नाही.
सूर्याचा राग नव्हता आला.
लाज वाटत होती, की इतकी वर्षं
कुणाच्यातरी डोक्यावर उभा राहून
मी पाहुण्यांना सांगत होतो: आमच्या आधी इथे नुसतं रान होतं.

पहाटे कंदील न घेता खाली उतरलो.
बसलो. गुडघे कुरकुरले.
मग झरोक्यातून उजेड आला, भाकरीएवढा,
आणि समोरच्या भिंतीवर नेमका
माझ्या छातीच्या उंचीवर थांबला.
कुणीतरी माझ्याच बांध्याचा माणूस उभा करून
माप घेतलं असणार.
तोंडातून सवयीनं निघालं, “आबून”,
आमच्या बापा,
आणि दगडांनी ते परत दिलं, जसंच्या तसं,
काहीही न वगळता.

नहरीन, तुझ्या तारखा खऱ्या असतील.
मी दगड वाचतो, मला ते नाकारता येत नाही.
पण तुझी आई गेली त्या रात्री
माझ्याशेजारी जो बसला होता,
तो कितव्या शतकातला,
त्याचा सण आधी कुणाचा होता,
हे मी त्याला विचारलं नाही.
त्याच्या हातांना भोकं होती. मला तेवढं पुरलं.

पाद्री मल्के म्हणाले, भरून टाक.
खडी घाल, वर चुना घाल, विषय संपला.
मी हो म्हणालो.
फरशी जागेवर ठेवली.
खडी घातली नाही. चुनाही नाही.

रविवारी आम्ही सहाजण.
मल्के भाकर उचलायला पुढे सरकले,
त्यांच्या पायाखाली फरशी वाजली, टक्.
त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.
मी छताकडे बघत राहिलो,
तिथलं काम बापाचं आहे,
एक कोपरा जरा वाकडा गेलाय.